मुंग्यांसाठी भरलेला द्रोण

रघुजी बनकर नागाला भीत नसे. धारहून अमझेऱ्याकडं जाणाऱ्या वाटेवर बापूसाहेबांची आमराई होती. तिच्या विहिरीत एकदा नाग उतरला, तेव्हा रघुजीनं तो शेपटीला धरून गरगर फिरवला नी बांधापलीकडं असा भिरकावला, की पलीकडच्या मळ्यातली बाई पुढं कितीतरी दिवस भाजी खुडायला आली नाही. पण आंब्याच्या खोडावरून एक तांबडा माटा खाली उतरताना दिसला, की ह्या धिप्पाड गड्याच्या मानेवर काटा येई.

माटा म्हणजे मुंगीच. पण जमिनीतली गरीब मुंगी नव्हे. ही झाडावर राहते, लांब टांगांची, तांबूस. पानाला पान शिवते नी पोपटाच्या पिंजऱ्याएवढा हिरवा गोळा करून त्यात नांदते. फांदीला धक्का लागला, की मूठभर गहू फेकावेत तसे माटे वरून अंगावर पडतात. पडतात ते दात रोवूनच. नी चावलं तेवढ्यावर भागत नाही, चावल्या जागी शेपूट वळवून आंबट पाणी सोडतात, म्हणजे आग आग. माळ्याच्या जातीला हे रोजचंच. कोणी अंगाला राख चोळून झाडावर चढतो, कोणी शिव्या देत चढतो. रघुजी चढायच्या आधी खोडाला हात लावून उभा राही नी इतका वेळ वर बघत राही, की बघणाऱ्याची मान दुखावी.

"नागाला धरणारा माझा नवरा, नी मुंगी आली की माझ्या लुगड्यामागं लपतो," असं त्याची बायको मालन चारचौघांत म्हणे. लोक हसत. तीही हसे. पण दुसऱ्या कोणी तसं म्हटलं, तर हातातलं खुरपं रोखून म्हणे, "तुझ्या बापाला आणून बसव त्या झाडाखाली."

कारण तिला ठाऊक होतं.

रघुजीचा पणजा पवारांच्या लष्कराबरोबर देशावरून माळव्यात आला, तो मशाल धरायला. लढाया सरल्या, मशालीला काम उरलं नाही, तेव्हा हातात खुरपं आलं नी तेच पुढं घराण्यात राहिलं. बापूसाहेबांचे वडील राज्यात महसूल बघणारे अमीन होते, बापूसाहेबही अमीन झाले. त्यांनी बाग लावली, ती बनकरांनी वाढवली. मग छप्पन्याचा दुष्काळ पडला. संवत छप्पनचं ते साल माळव्यात अजून शिवीसारखं उच्चारतात. विहिरीला तळ दिसला. बापूसाहेबांचा निरोप आला, काहीही करा, पण कलमं जगली पाहिजेत.

मालन तेव्हा ओली बाळंतीण. पोरगी झाली होती. तिला आंब्याच्या फांदीला झोळी टांगून निजवायची नी दोघांनी ओढ्याच्या डबक्यातून घागरी वाहायच्या. एका सकाळी पोर रडायला लागली. त्या साली कोणाचं पोर रडत नव्हतं? दोघांनी ऐकलं नी आणखी एकेक खेप केली. मग रडणं थांबलं. मालन म्हणाली, "निजली." रघुजी झोळीकडं गेला तर दोरी लाल दिसली. दोरी काथ्याची होती, लाल नव्हती.

त्या साली झाडाला कोवळं पान नव्हतं, मोहोर नव्हता, माट्यांनाही खायला काही नव्हतं. पोर संध्याकाळपर्यंत राहिली. ती झोळी रघुजीनं स्वतःच्या हातानं टांगली होती, सावली बघून.

त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. नी रघुजीनं त्या बागेत कोणाला झोळी टांगू दिली नाही. मजुरीच्या बाया कुरकुरत. तो म्हणे, "पाठीशी बांध, नाहीतर घरी बस."

तर असा हा माणूस. नी त्याच्याच बागेत प्लेगाच्या पहिल्या साली बापूसाहेबांच्या गाड्या येऊन लागल्या.

धारमध्ये उंदीर पडायला लागले होते. आधी धान्याच्या बखारीत, मग घराघरांत. ज्याला जिकडं वाट फुटली तिकडं तो गेला, कोणी शेतावर, कोणी माळावर. बापूसाहेबांना बाग होतीच. बरोबर त्यांची विधवा बहीण जानकीबाई नी मुलगी विनोदिनी. विनोदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बारसं कसंबसं उरकलेलं नी कुशीत तान्हा मुलगा.

रघुजीनं ते दुपट्याचं गाठोडं बघितलं, नी गाडीचे बैल सोडायचे सोडून तो तसाच उभा राहिला.

"अरे, बघून काय राहिलास?" बापूसाहेब ओरडले. "मोठ्या आंब्याखाली जागा साफ कर. झोपड्या तिथंच बांधू."

"सरकार, खळ्यावर बांधू. मोकळी जागा आहे. वारा आहे."

"नी ऊन? फाल्गुन सरून राहिला, बाळंतिणीला खळ्यावर भाजायचीय का?"

"झाडावर माटे आहेत, सरकार."

बापूसाहेब हसले. "मग तू कशाला आहेस?"

झालं. तुराट्या नी तट्टे बांधून मोठ्या आंब्याखाली झोपडी उभी राहिली, दारावर कडुनिंबाचा टहाळा लागला नी आत बाज पडली. विनोदिनीला पाळणा हवा होता. रघुजीनं उंबऱ्याबाहेरून हात जोडले.

"ताईसाहेब, काही टांगू नका. पदरात ठेवा, बाजेवर ठेवा, पण टांगू नका."

"का रे?"

रघुजीनं मागं मालनकडं बघितलं. मालननं मागून सांगितलं, जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. विनोदिनीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं नी पाळण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पण त्या घटकेपासून तिचे डोळे सारखे छपराकडं जायला लागले. एकाची भीती दोघांची झाली.

रघुजी कामाला लागला. मोठ्या आंब्याची जी फांदी शेजारच्या झाडाला शिवत होती ती छाटली, कारण माटे जमिनीवरून कमी, फांदीवरून फांदीवर जास्त चालतात. राळ कुटून एरंडेलात शिजवली नी तिचा चिकट पट्टा खोडाभोवती फिरवला. बाजेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. बांबूच्या टोकाला पेटतं फडकं बांधून वरचे पानांचे गोळे जाळले. गोळा पेटला, की आतून तडतड आवाज येई नी जळके माटे खाली पडत. रघुजी डोक्यावर घोंगडी घेऊन उभा असे, तरी एखादा मानेत शिरेच. मग तो नाचे. बापूसाहेब झोपडीच्या दारात बसून ही गंमत बघत.

"रघुजी, दरबारात नाचायला पाठवू का रे तुला?"

"पाठवा सरकार. तिथं छत असतं."

पट्टा, वाट्या, राख, धूर. एवढं केल्यावर माटे आटले. सकाळी उठून रघुजी आधी पट्टा बघे. त्यात चिकटून मेलेले माटे दिसले, की मगच चूळ भरे.

आता जानकीबाईंचं सांगायला हवं. बाई सोवळ्यातली, तोंडानं फाटकी, पण मनात कपट नाही. धारच्या घराशेजारी एक मारवाडी कुटुंब राही. त्या सेठाणीकडून त्यांनी एक व्रत उचललं होतं, कीडीनगरा म्हणतात त्याला. मुंग्यांच्या वारुळाशी पीठ, गूळ, तूप नेऊन घालायचं. जितकी तोंडं खातील तितकं पुण्य. पाऊसपाण्यासाठी करतात, आजाऱ्यासाठी करतात. प्लेगात तर जानकीबाईंना दुसरा उपायच दिसेना. डागदराची सुई त्यांना पटत नव्हती, नी औषध कोणाकडं नव्हतं. त्यांनी नातवाच्या नावानं नेम धरला. रोज सकाळी पळसाच्या पानाचा द्रोण भरायचा नी मोठ्या आंब्याच्या मुळाशी ठेवायचा.

"आक्कासाहेब," पहिल्याच दिवशी रघुजी म्हणाला, "तुम्ही त्यांना दारात बोलावून राहिल्या."

"बोलावून राहिले तर? पोराच्या नावानं जेवतायत बिचाऱ्या."

"त्या जेवायला येतात नी राहतात."

"राहू देत. तुझं काय खातात? नी हे बघ, ज्या दिवशी द्रोणात काही उरेल, त्या दिवशी ते पोराच्या तोंडाला लावायचं नी बाळंतिणीला द्यायचं. मुंगीनं ठेवलं ते देवानं परत दिलं. सेठाणीच्या सुनेला असंच उरलं होतं, तिचा मुलगा देवीच्या तापातून उठला."

"मुंगी कधी काही ठेवते का, आक्कासाहेब?"

"म्हणूनच तर त्याची किंमत."

खरोखर काही उरत नसे. दुपारपर्यंत द्रोण असा चाटूनपुसून साफ होई, की पानाच्या शिरा दिसत. जानकीबाई त्याच द्रोणात पुन्हा भरीत.

नी एका सकाळी रघुजी बघतो तर खोडावरचा पट्टा गायब. जानकीबाई खुरपं घेऊन उभ्या, हात एरंडेलानं माखलेले.

"हे काय केलंत!"

"मी केलं? तू केलंस, मेल्या! पोराच्या नावानं बोलावलेले पाहुणे नी तू त्यांना दारात चिकटवून मारतोस? वर देव आहे का नाही?"

"वर माटे आहेत!"

"तोंड सांभाळ. बापूला सांगून हाकलून देईन."

रघुजीनं पट्टा पुन्हा लावला. त्यांनी पुन्हा खरवडला. तो दुपारी लावी, त्या सकाळी काढीत. गूळतुपाच्या वासानं आंब्यावरून लाल धार लागली. खाली द्रोणापर्यंत, द्रोणापासून तट्ट्यापर्यंत, तट्ट्यावरून छपरावर. बाजेखालच्या वाट्यांतल्या पाण्याला कोण विचारतो? छपरावरून बाजेवर पडायला वाटी आडवी येत नाही.

मग तो दिवस आला. विनोदिनीनं आतून हाक मारली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "रघुजी." पण त्या आवाजानं तो उंबऱ्यापर्यंत धावला. बाळ निजलं होतं. दुपट्यावर, गळ्यापासून चार बोटांवर, एक माटा उभा होता. पुढचे पाय उचलून मिशा हलवत होता. विनोदिनीचे दोन्ही हात लाकडासारखे झालेले. रघुजी आत गेला, चिमटीत माटा धरला नी बाहेर आला. तो बोटाला लोंबकळला होता, सोडत नव्हता. विहिरीमागं जाऊन रघुजीनं त्याला दगडानं चिरडलं नी मग सकाळची भाकरी होती तेवढी ओकून टाकली.

मालननं पाणी दिलं. "अवो, सरकारांना सांगा. नाहीतर मी सांगते."

बापूसाहेबांनी ऐकलं नी ते पहिल्यांदाच हसले नाहीत. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "सोमल घाल."

"विष, सरकार?"

"मुंग्यांनाच घालायचंय ना? पिठात कालव नी ठेव. एका दिवसात सगळं वारूळ बसेल. पण आक्काला कळता कामा नये. ती उपास धरून बसेल, मग मी काय करू?"

सोमल आणायचा तर धारला जावं लागणार. रघुजी गेला. ज्या रस्त्यात गाडीला गाडी घासायची, तिथं कुत्रं आडवं पडलेलं, जिवंत का मेलेलं ते न बघता रघुजी पुढं गेला. दारांना कुलपं. एका घराची कौलं उतरवलेली, आत ऊन पाडायला. कुठं तरी बाई रडत होती, पण कुठल्या घरात ते कळत नव्हतं. रघुजी नाकाला धोतर लावून भिंतीपासून लांब लांब चालत होता. उमाशंकर पंसाऱ्याचं किराण्या-औषधाचं दुकान तेवढं उघडं, तेही अर्धी फळी लावून.

"अरे भिया, सगळे बाहर भागी रिया, नी तू मांय आयो?"

"सोमल दे."

"ऊंदरा मारवा?"

"मुंग्या."

उमाशंकर त्या मेल्या गल्लीत मोठ्यानं हसला. "गाम मरी रियो हे, नी भियाने कीडी की पडी!" मग पुडी बांधता बांधता गंभीर झाला. "सुण. चिमटीभर, बस. पीठ घणो, गूळ घणो, सोमल चिमटीभर. ज्यादा घाल्यो तो कीडी मूंडो नी लगावे. वा थारा से हुशार हे."

रघुजीनं मान हलवली. जास्त झालं तर मुंगी तोंड लावत नाही, हे ऐकलं होतं, कळलंही होतं. पण बागेत परत येऊन तो विहिरीच्या आडोशाला पीठ कालवायला बसला, तेव्हा डोळ्यांपुढं दुपट्यावरचा तो माटा होता. चिमूट घातली. थोडी वाटली. आणखी घातली. एवढ्यानं ते मरतील का? सगळे मरतील का? नी सगळे नाही मेले तर? त्यानं पुडी झटकून रिकामी केली. माणूस भ्याला, की त्याचा हात सैल सुटतो.

नी ठेवायचं कुठं? इथं त्याची दुसरी चूक झाली. त्याला ती तेव्हा हुशारी वाटली. माटे रोज त्या पळसाच्या द्रोणाला येतात, त्यांना त्या जागेची ओळख आहे, मग नवीन भांडं कशाला? दुपारी जानकीबाई पोथी वाचत पडल्या होत्या. द्रोण चाटूनपुसून रिकामा होता. रघुजीनं तो भरला. तसाच भरला, जसा त्या भरीत, वर गुळाचा खडासुद्धा ठेवला. पट्टा आधीच खरवडलेला होता, या म्हणावं सगळे. नी लांब बसून बघत राहिला.

माटे आले. काठावर चढले. मिशा लावल्या. नी माघारी फिरले. दुसरे आले, तेही फिरले. द्रोणाला वळसा घालून धार निघून गेली. रघुजीला घाम फुटला. उमाशंकर म्हणाला होता तेच झालं होतं. आता उठून तो द्रोण उचलावा, पुरून टाकावा नी नवीन पीठ कालवावं, एवढंच त्याला करायचं होतं. तो उठलाही.

तेवढ्यात बागेच्या पल्याडच्या अंगाला वानरं उतरली. टोळीच्या टोळी, कैऱ्या सुपारीएवढ्या झालेल्या. मालन डबा बडवत ओरडायला लागली नी बापूसाहेबही ओरडले, "रघुजी! गोफण!" माळ्याचा पाय डोक्याच्या आधी पळतो. तो पळाला. वानरं ह्या झाडावरून त्या झाडावर, रघुजी त्यांच्यामागं. शेवटची वानरीण ओढ्यापार घालवेपर्यंत ऊन कललं होतं.

परत येताना त्याला द्रोण आठवला. मोठ्या आंब्याखाली आला तर द्रोण नव्हता.

आधी त्याला बरं वाटलं. खाल्लं वाटतं शेवटी! मग त्याच्या लक्षात आलं. पीठ मुंग्या नेतात. द्रोण कोण नेतो?

वाऱ्यानं उडाला? वारा नव्हता. वानरानं? वानरं तिकडं होती. मोर? मोरानं इथंच उकरला असता, सांडलेलं दिसलं असतं. जमीन स्वच्छ होती. बायकी पावलांनी माती मात्र दबली होती, झोपडीकडं जाणारी.

मुंगीनं ठेवलं ते देवानं परत दिलं.

रघुजी धावला. वाटेत छाटलेल्या फांदीचा खुंट होता, तो खांद्यावर आपटला. वरून माटे पडले, मानेत, कानामागं, बंडीच्या आत. कधी नव्हे ते त्याला कळलंच नाही. तोंडातून "ए" एवढंच निघत होतं, "ए, ए," गुरासारखं.

झोपडीत दिवा लागला होता. विनोदिनी बाजेवर बसलेली, मांडीवर मूल. समोर जानकीबाई, ओलेत्या, सोवळ्यानं, चेहरा असा उजळलेला की त्या वर्षात कोणी बघितला नसेल. डाव्या हातात द्रोण. "पदर पसर गं. कणसुद्धा शिवल्या नाहीत बघ मुंग्या, सगळंच्या सगळं परत दिलं त्यानं. आ कर. तुला घास, मला घास."

विनोदिनीनं तोंड उघडलं होतं.

बाळंतिणीच्या खोलीत, सोवळ्यातल्या विधवेच्या अंगावर, घामानं निथळणारा माळी पडला. हात मारला. द्रोण उडाला, पीठ बाजेवर, दुपट्यावर, विनोदिनीच्या मांडीवर. जानकीबाई किंचाळल्या, "शिवलास मला! मेल्या, शिवलास!"

"सोमल!" रघुजीच्या घशातून एकदाचं बाहेर पडलं. "त्यात सोमल आहे! झटका, ताईसाहेब, झटका त्याला!"

विनोदिनीनं दुपट्यासकट मूल उचललं, दुपटं फेकलं, उघड्या पोराला पदरानं पुसलं, ओठ पुसले, मुठी उघडून पुसल्या. नी मग वर न बघता विचारलं, "आत्या, त्याच्या तोंडाला लावलंत का?"

जानकीबाईंनी उजव्या हाताचं बोट ओल्या पदराला पुसलं.

"आत्या!"

"बोट," त्या म्हणाल्या. "आधी त्याच्या ओठाला बोट लावलं. नुसतं बोट, विनू. लावायचं असतं आधी."

मालन पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं कोणाची परवानगी विचारली नाही. कापसाचा बोळा भिजवून पोराचं तोंड धुतलं, हिरड्या, जीभ, गाल आतून. पोर गुदमरून रडलं. विनोदिनी त्याला पाजायला लागली, मध्येच थांबली, स्वतःचे हात बघितले, हात धुवायला धावली, परत आली. बापूसाहेब दारात उभे होते.

"कोणी सांगितलं तुला सोमल घालायला?" जानकीबाईंचा आवाज फुटला.

"मी घातला," रघुजी म्हणाला. "माझ्या मनानं घातला."

बापूसाहेबांनी घसा खाकरला. विनोदिनीनं त्यांच्याकडं बघितलं. "बाबा?"

"मी... सोमल म्हणालो असेन. पण द्रोणात घाल असं म्हणालो होतो का मी?"

"म्हणजे म्हणालास!" जानकीबाई मटकन खाली बसल्या.

वैद्य आणायला माणूस धाडावा तर वैद्य धार सोडून कुठं गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. उरलं ते बघत बसणं. पोरानं एकदा दूध टाकलं. तान्ही पोरं टाकतातच, पण त्या क्षणी झोपडीत कोणी श्वास घेतला नाही. रघुजी बाहेर जमिनीवर बसून होता. अंगावर ठिकठिकाणी माटे चावून राहिले होते, नी त्यानं ते काढले नाहीत. मालन येऊन एकेक उपटत होती नी दगडावर पुसत होती. पोर गप्प झालं, की रघुजी उठून तट्ट्याला कान लावी. रडलं, की खाली बसे. अशी ती रात्र गेली. उजाडताना पोर भुकेनं असं खवळलं, की कोंबड्याआधी त्याचाच आवाज बांधापलीकडच्या मळ्यापर्यंत गेला. मालन म्हणाली, "वाचलं." रघुजी पुन्हा तट्ट्याशी जाऊन बसला. त्याच्या मतानं अजून दिवस जायचा होता.

रघुजीला हाकलायचं ठरलं होतं, पण हाकललं नाही. दयामायेची गोष्ट नव्हे. प्लेगात दुसरा माळी मिळणार कुठून? झोपडी त्याच दिवशी मोडली नी खळ्यावर नेली. ते बापूसाहेबांनी सांगितलं नाही, विनोदिनीनं सांगितलं. "ऊन लागू दे. मला डोक्यावर पान नको." खळ्यावर तट्ट्यांवर ओलं गोणपाट टाकून राहिले. नी आत्याला ती म्हणाली, "तुमचं व्रत चालू द्या. पण बागेच्या शेवटच्या खिरणीच्या झाडाखाली. इथं नाही."

जानकीबाई कबूल झाल्या. त्यांनीही एक अट घातली.

दुसऱ्या सकाळी त्या पीठ घेऊन निघाल्या, मागून रघुजी. खिरणीखाली पोचल्यावर त्यांनी वळून म्हटलं, "हात पुढं कर." रघुजीनं ओंजळ केली. त्यांनी वरून, न शिवता, चिमूटभर पीठ टाकलं.

"खा."

"आक्कासाहेब, हे तर तुम्हीच कालवलंय."

"मी कालवलं, पण रात्री कुठं ठेवलं होतं, कोण आलं, कोण गेलं, मला काय माहीत? तू आधी खा. तू उभा राहिलास तर मी मुंग्यांना घालीन."

रघुजीनं खाल्लं. बाई समोर उभ्या राहून त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं मुंग्यांना द्रोण ठेवला.

हे रोज चाललं. बांधापलीकडचे लोक म्हणायला लागले, बघा, आक्कासाहेबांनी माळ्याला प्रसादाचा मान दिला. रघुजीला पक्कं ठाऊक होतं, की पिठात काही नाही. सोमलाची पुडी त्यानं स्वतः जाळून राख ओढ्यात सोडली होती. तरी ओंजळीत पीठ पडलं, की तो आधी हुंगून बघे. कधी वाटे, पुडी जाळली ती रिकामी होती ना? बाजेवर सांडलं ते सगळं मालननं नीट पुरलं ना? कोंबडीनं उकरून कुठं आणलं नसेल ना? मग तो डोळे मिटून गिळी नी दुपारपर्यंत स्वतःच्या पोटाकडं लक्ष देऊन काम करी.

माटे मात्र मोठ्या आंब्यावरून हळूहळू खिरणीकडं सरकले. जेवण तिकडं होतं. खळ्यावर एकही आला नाही. हे त्या व्रतानं झालं का अंतरानं, यावर बापूसाहेब नी जानकीबाई जेवताना भांडत. पोर बाळसं धरत होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर धारमध्ये उंदीर पडायचे थांबले नी गाड्या परत जुंपल्या. निघायच्या दिवशीही जानकीबाईंनी खिरणीखाली पीठ दिलं, रघुजीनं खाल्लं, त्यांनी बघितलं. मग त्या गाडीत जाऊन बसल्या. विनोदिनीनं पोराचा हात धरून रघुजीकडं हलवला. रघुजीनं मान खाली घातली.

गाड्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर मालननं विचारलं, "अवो, इतके दिवस खाल्लंत. आक्कासाहेबांच्या हातचं पीठ गोड असतं का हो?"

रघुजीनं हात धोतराला पुसले.

"चव नाही बघितली," तो म्हणाला. "चव बघायला जीव ठिकाणावर लागतो."